गाडी कोण चालवत होतं

क्लिफर्ड थ्रेलफॉलला आयुष्यात कधी गाडी चालवता आली नाही, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलंही नाही. इंग्लंडातल्या आमच्या फ्लीटवुडला नदीवरच्या फेरीबोटीवर त्यानं एकतीस वर्षं तिकिटं फाडली. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर. एवढ्यासाठी लायसन्स कशाला हवं? घरात गाडी होती, ती त्याची बायको एव्हरिल चालवायची. कागदावर नाव मात्र क्लिफर्डचं. त्याच्या निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली तेव्हा बायकोनंच हट्ट धरला, की पैसे तुझे तर नावही तुझंच लागेल. तिच्या त्या मोठ्या मनातूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

एव्हरिलचं गाडी चालवणं म्हणजे काय होतं ते आमच्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. सव्वीस वर्षं तिनं फिरत्या वाचनालयाची ती धिप्पाड गाडी नदीपलीकडच्या खेड्यांतून फिरवली. धुकं असो, रस्त्यावर बर्फ असो, ठरल्या वेळी ठरल्या कोपऱ्यावर एव्हरिल पुस्तकं घेऊन हजर. कुठली गल्ली कुठे संपते, कुठल्या वळणावर शेतकऱ्याची कुत्री आडवी येते, सगळं तिला तोंडपाठ. नवा पोस्टमन आला की तो पत्ते विचारायला तिच्याकडे यायचा.

तर फेब्रुवारीत एके सकाळी क्लिफर्डच्या नावानं पत्र आलं. पाठवणारी कंपनी गाड्या उभ्या करायच्या जागा सांभाळायचा धंदा करते. खाजगी कंपनी, पण पत्राचा थाट असा की वाटावं राजवाड्यातूनच आलंय. आत गाडीचे दोन फोटो. सतरा जानेवारी, ब्लॅकपूलबाहेरच्या बाजारपेठेचं पार्किंग. आत शिरताना एक वाजून बारा मिनिटं, बाहेर पडताना चार वाजून चोपन्न. फुकट उभं राहायची मुदत दोन तास. म्हणून शंभर पौंड, लवकर भरलेत तर साठ.

पैशाचा आकडा क्लिफर्डनं नंतर वाचला. आधी त्यानं बोटांवर तास मोजले. तीन तास बेचाळीस मिनिटं. एव्हरिल त्या दिवशी पडद्याचे हुक आणायला गेली होती. हुक आणायला तीन तास बेचाळीस मिनिटं लागत नाहीत.

तो दिवस त्याला चांगला आठवत होता. अंधारून आल्यावर ती परतली, रस्त्यावर गर्दी होती म्हणाली, आणि कोट न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. त्यानं चहा करून तिच्या हातात दिला. काय झालं, असं विचारलं नाही. त्यानंतर ती लांब कुठे गेलीच नाही. प्रार्थनेला चर्चमध्ये जायचं तर तेही समुद्रकाठच्या सरळ रस्त्यानं, मोठा वळसा घालून. क्लिफर्डला हे सगळं दिसत होतं. दिसत होतं म्हणून तर तो मूग गिळून होता. एखादी गोष्ट बोलली की ती खरी होते, अशी त्याची आपली समजूत.

मग त्यानं जे केलं ते आमच्याकडच्याच माणसानं करावं. आम्हा लोकांचा पाय दुसऱ्यानं तुडवला तरी माफी आम्ही मागतो. क्लिफर्डनं चांगला जाड कागद काढला आणि कंपनीला आपल्या अक्षरात पत्र लिहिलं. महाशय, झाल्या प्रकाराबद्दल मनापासून दिलगीर आहे. गाडी मी चालवत होतो. माझे गुडघे अधू असल्यानं दुकानातून गाडीपर्यंत यायला वेळ लागला. पुन्हा असं होणार नाही. आपल्याला त्रास दिल्याबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व. पैसे काही पाठवले नाहीत. त्याच्या मते त्याची गरजच नव्हती. इतकी माफी मागितल्यावर कुठला सभ्य माणूस वर पैसे मागेल?

कंपनीनं मागितले. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा लाल. क्लिफर्डनं ती बागेतल्या खोपटात, वाटाण्याच्या बियांच्या डब्याखाली सरकवली. भरून टाकावेत असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही, पण बँकेचं कार्ड एव्हरिलच्या पर्समध्ये, आणि कशासाठी हवंय म्हणून तिनं विचारलं तर सांगायचं काय?

मेमध्ये आणखी एक पत्र आलं. कोर्टात दावा लावण्याआधीचं शेवटचं पत्र. तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर कोर्टात भेटू. क्लिफर्डला कोर्टाची भीती होती ती स्वतःसाठी नव्हे. न्यायाधीश विचारणार, गाडी कोण चालवत होतं? मग त्याला खरं सांगावं लागणार. मग एव्हरिलला बोलावणार, आणि ज्या बाईला सगळा मुलूख रस्ता विचारायचा तिला परक्या माणसांपुढे उभं करून विचारणार, की बाई, तीन तास बेचाळीस मिनिटं तुम्ही काय करत होता? नुसत्या कल्पनेनं त्याची झोप उडाली. त्यातच त्यानं बारा दिवस घालवले.

तेराव्या दिवशी, मंगळवारी, केस कापून येतो असं सांगून तो घराबाहेर पडला आणि वाचनालयात गेला. तिथे मंगळवारी कोपऱ्यातल्या टेबलावर ग्वेंडा रिमर बसते. शाळेच्या ऑफिसात तिची उभी हयात गेली. आता लोकांना सरकारी कागद, भाडं, नोटिसा यांवर फुकट सल्ला देते. जीभ तिखट, पण कामाला वाघीण.

तिनं पत्रं तारखेप्रमाणे लावली, चष्मा वर केला, खाली केला. पहिल्यांदा तिनं त्याला हे समजावलं, की हा दंड नव्हेच. दंड सरकार करतं. हे नुसतं बिल आहे, आणि बिलावर भांडता येतं. मग कंपनीनं जोडलेली क्लिफर्डच्या माफीपत्राची प्रत तिच्या हाती लागली. ती तिनं दोनदा वाचली.

"क्लिफर्ड," ती म्हणाली, "तुम्ही गाडी कधीपासून चालवायला लागलात?"

क्लिफर्डनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ब्रेक कुठल्या पायाखाली असतो, सांगा बघू."

"डाव्या," क्लिफर्ड म्हणाला.

ग्वेंडाला हसू फुटलं. आजूबाजूला वाचत बसलेल्यांनी माना वर केल्या तेव्हा कुठे तिनं ते आवरलं. मग तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्यानं काय करून ठेवलंय हे त्याला कळतं का? कायदा असा, की कॅमेऱ्यानं पकडलेल्या गाडीबद्दल मालकाला धरायचं तर पत्र चौदा दिवसांच्या आत त्याच्या घरी पोचायला हवं. यांचं पत्र निघालंच एकोणिसाव्या दिवशी. म्हणजे मालकावर यांचा काडीचा हक्क राहिला नाही. धरायचं तर चालवणाऱ्याला, आणि तो कोण हे यांना ठाऊक नव्हतं. गप्प बसला असता तरी सुटला असता. पण नाही, या भल्या गृहस्थानं आपण होऊन लिहून दिलं, की चालवणारा मीच. वर विनालायसन्स गाडी चालवल्याची कबुली, ती वेगळीच.

"मला वाटलं, माफी मागितली की मिटेल," क्लिफर्ड म्हणाला.

"माफी मागायच्या सवयीनं हा देश एक दिवस बुडणार आहे," ग्वेंडा म्हणाली आणि पेन काढलं.

उपाय एकच होता. क्लिफर्डनं लिहायचं, की मी गाडी चालवत होतो हे माझं म्हणणं खोटं होतं. मला आयुष्यात कधी लायसन्स नव्हतं, हवं तर सरकारी दप्तरात बघा. मी फक्त गाडीचा मालक, आणि तुमचं पत्र उशिरा आल्यामुळे मालकाकडे तुम्हाला काही मागता येत नाही. संपलं. आपण खोटं बोललो असं स्वतःच्या सहीनं लिहायचं म्हटल्यावर क्लिफर्डचे कान लाल झाले. पण त्याला घोर होता तो दुसराच.

"मग ते विचारतील ना, चालवत कोण होतं म्हणून."

"विचारू देत. तुम्ही सांगायला बांधील नाही."

"कोर्टात गेलं तरी?"

"हे पत्र गेल्यावर कोर्टाची पायरी चढायची त्यांची छाती होणार नाही." ग्वेंडा थांबली. लहान असताना ती नदीपलीकडच्या एका शेतावर राहायची, आणि दर दुसऱ्या गुरुवारी फाटकावर बसून एव्हरिलच्या गाडीची वाट बघायची. क्लिफर्डच्या घरात गाडी कोण चालवतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्यांना सांगू नका, क्लिफर्ड. पण तुम्ही तरी विचारलंत का?"

क्लिफर्डनं टोपी डोक्यावर घातली. पत्राचा मसुदा त्यानं घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि घरी आला.

एव्हरिल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा बघितलं.

"केस कापलेस?"

"हो."

"कुणाचे?"

फेरीवर एकतीस वर्षांत क्लिफर्डनं एक तिकीट चुकीचं फाडलं नव्हतं. खोटं बोलायला लागतो तो सराव त्याला होणार कुठून? त्यानं खिशातून मसुदा काढला, खोपटातून बाकीची पत्रं आणली आणि सगळा गठ्ठा तिच्यासमोर बटाट्याच्या सालींशेजारी ठेवून दिला. मग जाऊन खिडकीपाशी उभा राहिला, कारण तिच्या तोंडाकडे बघायचं धैर्य त्याला नव्हतं.

तिनं सगळं वाचलं. वाचता वाचता तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आणि मग हसण्याचा आवाज आला. त्यानं वळून बघितलं तर त्याचं माफीपत्र तिच्या हातात, आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"अधू गुडघे," ती म्हणाली. "अरे, परवा सफरचंदाच्या झाडावर चढला होतास."

तोही हसला. पण तिचं हसू थांबलं तरी डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही, आणि तेव्हा कुठे त्याला कळलं की ती रागावलेली आहे. चाळीस पन्नास वर्षांच्या संसारात तिचा राग त्यानं पुष्कळदा बघितला होता, पण हा तसला नव्हता. ती म्हणाली, की चार महिने तो हे एकटा उराशी धरून बसला, खोपटात लपवालपवी करत राहिला, आणि ती मात्र रोज रात्री वाट बघायची की आज तरी हा विचारेल.

"परक्या माणसांना माझ्यासाठी खोटं लिहून दिलंस," ती म्हणाली. "आणि मला एक प्रश्न विचारला नाहीस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू सांगशील याची."

एव्हरिलनं शेजारची खुर्ची मागे सरकवली. तो बसला. मग कुणी न विचारता तिनंच सांगायला सुरुवात केली.

हुक घेतले, गाडीत येऊन बसली, किल्ली लावली. सगळं ठीक होतं. आपण कोण हे माहीत होतं, गाडी आपली हे माहीत होतं, घरी क्लिफर्ड चहाला थांबलाय हेही माहीत होतं. फक्त घर कुठल्या बाजूला, तेवढं गेलं होतं. एखाद्याचं नाव ओठावर असतं आणि येत नाही ना, तसं रस्त्याचं झालं होतं. तिला वाटलं, येईल, जरा थांबू. थांबली. लोक आले, सामान भरून निघून गेले, तिच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या चारचारदा बदलल्या. ट्रॉल्या गोळा करणारी एक मुलगी काचेवर टकटक करून विचारून गेली, की बाई, बरं वाटत नाहीये का? तिला ही म्हणाली, नवरा आत गेलाय, त्याची वाट बघतेय. रस्ता विचारायला तोंड उघडेना.

"सव्वीस वर्षं मी लोकांना रस्ते सांगितले रे," ती म्हणाली. "कुणाला विचारू?"

क्लिफर्डनं तिचा हात धरला. हाताला बटाट्याची माती होती.

मग अंधारून यायला लागलं, आणि बाहेरच्या रस्त्यावरून चौदा नंबरची बस गेली. कपाळावर दिव्यांत फ्लीटवुड लिहिलेलं. एव्हरिलनं गाडी काढली आणि बसच्या मागे लावली. बस थांबली की ही थांबायची. माणसं चढायची, उतरायची, ही आपली मागे दिवा लुकलुकवत उभी. मागच्यांनी भोंगे वाजवून कान किटवले, बाजूनं जाणाऱ्या एकानं हातवारे करून काय ते सुनावलं, पण तिनं बसची पाठ सोडली नाही. ब्लॅकपूलपासून घरापर्यंतचे एकूण एक थांबे तिनं घेतले. एका थांब्यावर तर बसचा ड्रायव्हर खाली उतरून आला आणि अदबीनं म्हणाला, बाई, तुम्ही माझ्या मागे का लागलात? त्यालाही काहीतरी थाप मारली. शेवटी समुद्राकाठचं आपलं दीपगृह दिसलं, आणि पुढचं सगळं आपोआप आठवलं.

"फार घाबरले होते," ती म्हणाली. "पण घरी आले. एवढं मात्र जमवलं."

"जमवलंस," क्लिफर्ड म्हणाला. त्याला खूप काही बोलायचं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं आणि मग तोच रडला. आधी ती त्याला समजावत राहिली, मग तिनंही समजावणं सोडून दिलं. बटाटे तसेच राहिले. त्या रात्री दोघांनी पाव भाजून खाल्ला.

झोपायच्या आधी तिनं ग्वेंडाचा मसुदा पुन्हा वाचला. त्यात एव्हरिलचं नाव कुठेच नव्हतं.

"हेच पाठव," ती म्हणाली. "ती दुपार माझी आहे. त्यांना तिच्याशी काय करायचंय? पण डॉक्टरकडे मी जाणार, आणि लायसन्सवाल्यांना माझ्या हातानं कळवणार. कुणी येऊन किल्ली काढून घ्यायच्या आधी."

क्लिफर्डनं मसुदा आपल्या अक्षरात उतरवून काढला. सवयीनं शेवटी दिलगिरीची एक ओळ आली होती. ती एव्हरिलनं खोडायला लावली आणि सगळं पत्र पुन्हा लिहून घेतलं. सोळा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. तीन ओळी. प्रकरण आमच्या बाजूनं बंद केले आहे. क्लिफर्डनं पत्र तीनदा उलटसुलट करून बघितलं, कुठे एखादा सॉरीचा शब्द आहे का म्हणून. नव्हता. तरी तो वाचनालयात जाऊन ग्वेंडाला म्हणाला, की एवढं त्यांनी ऐकलं तर चार ओळी आभाराच्या लिहाव्यात म्हणतो. ग्वेंडानं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरची वेळ मिळाली. दवाखाना होता ब्लॅकपूलच्या पलीकडे, दोन बस बदलून जायचं. क्लिफर्डनं आदल्या दिवशी एकट्यानं जाऊन सगळा मार्ग बघून ठेवला होता. कुठल्या थांब्यावर उतरायचं, रस्ता कुठून ओलांडायचा, दुसरी बस किती वाजता, सगळं एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. एकतीस वर्षं ज्याला एक नदी सोडून कुठे वळायची वेळ आली नव्हती, तो माणूस थांब्यांवर उभा राहून पाट्या वाचत फिरला. सकाळी निघताना एव्हरिलनं सवयीनं किल्लीकडे हात नेला, आणि मागे घेतला. तो नुसता तिच्या कोटाची कॉलर सारखी करत राहिला. बसमध्ये तिला खिडकी दिली. उतरायच्या दोन थांबे आधीच तो उठून उभा राहिला. इतक्या लवकर का उठलास म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाला, चुकायला नको.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. क्लिफर्डला त्यांनी मागच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, की मध्ये बोलायचं नाही. मग त्या एकेक प्रश्न विचारत गेल्या. महिना कुठला? एव्हरिलनं बरोबर सांगितला. वार कुठला? तो चुकला, आणि चुकला हे तिचं तिला कळलं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, त्यातले दोन सांगितले, तिसऱ्याला थांबली. पाठमोरी बसली होती तरी तिचे खांदे आवळलेले क्लिफर्डला दिसत होते. त्याच्या तोंडाशी आलेला तिसरा शब्द त्यानं कसा गिळला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज इथवर कशा आलात, ते आठवतंय?"

एव्हरिलनं मागे वळून बघितलं. पन्नास वर्षं हा प्रश्न तिला कुणी विचारला की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, मीच गाडी चालवत आले. तिचे खांदे सैल झाले.

"क्लिफर्डनं आणलं," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी क्लिफर्डबद्दल असं म्हटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.